स्लेज डॉग शर्यतीत उतरायचंय? आधी बादली उचला

स्लेज म्हणजे कुत्र्यांनी बर्फावरून ओढायची घसरगाडी. ‘त्यासाठी हस्की कुत्रा कुठे मिळेल?’ हा या खेळाच्या ओढीने आलेल्यांचा पहिला प्रश्न असतो. तो तूर्तास बाजूला ठेवा. कुत्रा ही इथे सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे. शर्यतीचे तास मोजके असतात. उरलेलं वर्ष खाणं भिजवण्यात, पाणी पाजण्यात, शी उचलण्यात, पंजे तपासण्यात आणि पेंढा बदलण्यात जातं. ज्याला ही कामं मनापासून करावीशी वाटतात तोच टिकतो. बाकीचे एका हिवाळ्यात गळतात, आणि त्यांची कुत्री कुणाच्या तरी दारात येऊन पडतात.

आधी शर्यतीचा प्रकार ठरवा

बहुतेकांनी नाव ऐकलेलं असतं ते इडिटारॉडचं. अलास्कात अँकरेजहून नोमपर्यंत सुमारे हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, दर मार्चमध्ये. जो रेडिंग्टन यांच्या पुढाकाराने ती १९७३ साली पहिल्यांदा नोमपर्यंत धावली. नॉर्वेत अल्ता इथून सुटणारी फिनमार्क्सलोपेट १९८१ पासूनची, आणि तीही हजार किलोमीटरच्या पलीकडची. ही या खेळाची टोकं आहेत. तिथे पोचायला वर्षं लागतात, आणि नवख्याला थेट प्रवेश मिळतही नाही. आधी ठरवून दिलेल्या पात्रता शर्यती पूर्ण कराव्या लागतात.

दुसऱ्या टोकाला स्प्रिंट आहे. चार, सहा, आठ कुत्र्यांचे गट आणि एक खुला गट. अंतर कमी, वेग मात्र ताशी तीस किलोमीटरच्या घरात. अँकरेजच्या फर रॉन्डी उत्सवातली खुल्या गटाची शर्यत तीन दिवस चालते, रोज पंचवीस मैल. या दोन्हींच्या मध्ये शे-दोनशे ते तीनशे मैलांच्या मध्यम पल्ल्याच्या शर्यती येतात.

नवख्याला खरं तर याहून जवळचं दार उघडं असतं. कमरेला पट्टा बांधून कुत्र्याबरोबर पळायचं ते कॅनिक्रॉस, सायकलला जोडायचं ते बाइकजोरिंग, स्कीवर उभं राहून ओढून घ्यायचं ते स्कीजोरिंग. एका किंवा दोन कुत्र्यांत भागतं, आणि पहिल्या दोन प्रकारांना बर्फही लागत नाही. स्लेज खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत या प्रकारांना बर्फावरच्या शर्यतींइतकंच रीतसर स्थान आहे, त्यामुळे यांना दुय्यम समजू नका. हार्नेस (ओढण्यासाठी कुत्र्याच्या अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज), दोरी, हुकूम, तब्येतीची पारख असं पुढे लागणारं सगळं इथेच शिकून होतं, तेही आठ कुत्री अंगावर न घेता.

दुसऱ्याच्या केनेलमध्ये एक हिवाळा

शर्यतींना माणसं नेहमी कमी पडतात. सुरुवातीच्या रेषेपर्यंत उसळ्या मारणारी कुत्री धरून न्यायला, रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी गाड्या थांबवायला, पेंढ्याचे गठ्ठे उतरवायला स्वयंसेवक लागतात. एकदा जाऊन उभे राहा. सुटण्याआधीची पाच मिनिटं कुत्री किती आरडाओरडा करतात आणि सुटल्याक्षणी कशी एकदम गप्प होतात, हे पाहिलं की खेळ निम्मा कळतो.

मग एखाद्या केनेलमध्ये, म्हणजे जिथे अशी कुत्री पाळतात तिथे, हँडलर म्हणजे त्यांची देखभाल करणारा मदतनीस म्हणून राहा. शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचा काळ उत्तम. बऱ्याच ठिकाणी राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम असतं, तेव्हा कामाचे तास, सुट्टी आणि विमा यांचं आधीच बोलून घ्या. नॉर्वेत काही लोकविद्यालयांत कुत्र्यांच्या स्लेजचा वर्षभराचा अभ्यासक्रमही असतो. चौदा ते सतरा वयाच्या मुलांसाठी अलास्कात ज्युनियर इडिटारॉड आहे, पण तिथेही मुलं आधी केनेलमध्येच घडतात.

केनेल निवडताना ट्रॉफ्यांच्या कपाटाकडे पाहू नका, अंगणाकडे पाहा. जमीन कोरडी आहे का? पाण्याची भांडी भरलेली आहेत का? अनोळखी माणूस दिसल्यावर कुत्री पुढे येतात की घराच्या मागे दबकतात? मालकाला प्रत्येक कुत्र्याचं नाव, वय, जुनी दुखापत तोंडपाठ आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: धावणं थांबलेली कुत्री कुठे जातात? या प्रश्नाला आढेवेढे घेऊन उत्तर आलं तर तिथून निघा. साखळीने बांधून ठेवणं, शर्यतीतले मृत्यू, जास्तीची पिलं यांवरून या खेळावर कडक टीका होते. ती सगळी हवेतली नाही. कुठल्या केनेलच्या बाबतीत ती लागू पडते हे ओळखता येणं हाही शिकण्याचा भाग आहे.

आता कुत्रा

शर्यतीत सर्वाधिक दिसणारा अलास्कन हस्की ही नोंदणीकृत जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या फक्त काम पाहून जोपासलेला तो मिश्र कुत्रा आहे. वजन बहुधा अठरा ते सत्तावीस किलो, रंग कुठलाही, कान उभे किंवा पडलेले. त्याच्यात जर्मन पॉइंटर मिसळून युरोहाउंड निघाला. तो स्प्रिंटमध्ये भन्नाट पळतो, पण केस आखूड, त्यामुळे कडक थंडीत मुक्कामाला कोट लागतो. सायबेरियन हस्की त्यांच्यापुढे थोडा हळू, पण चिवट आणि कमी खाणारा. मॅलम्यूट जड ओझं ओढायला, वेगाच्या शर्यतीसाठी नाही. निळे डोळे बघून कुत्रा घेणाऱ्यांबद्दल मशर, म्हणजे स्लेज हाकणारी मंडळी, काय बोलतात ते इथे न लिहिलेलं बरं.

पाहायचं ते असं: पाय आखीव आणि घट्ट, पंज्याची बोटं एकमेकांना लागून, चाल सैल, भूक दणदणीत आणि दोरी ताणलेली ठेवायची हौस. ही हौस शिकवता येत नाही. टोगोचंच बघा. १९२५ च्या हिवाळ्यात नोमला घटसर्पाची साथ आली, तेव्हा नेनानाहून सुमारे २० मशरनी हातोहात ६७४ मैल त्यावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) पोचवलं. शेवटच्या टप्प्यामुळे नाव झालं बाल्टो या कुत्र्याचं. पण सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेप्पाला आणि त्याचा लीड डॉग, म्हणजे संघात सर्वांत पुढे पळणारा कुत्रा, टोगो यांनी काढला. हा टोगो पिल्लू असताना किरकोळ आणि व्रात्य म्हणून सेप्पालाने देऊन टाकला होता. तो खिडकीची काच फोडून परत आला. त्या धावेच्या वेळी तो जवळपास बारा वर्षांचा होता.

पहिल्या कुत्र्यासाठी माझा सल्ला एकच: पिल्लू नको, आठ-नऊ वर्षांचा निवृत्तीला आलेला लीड डॉग मागा. मोठ्या शर्यतीचा वेग त्याला झेपत नाही, पण सगळे हुकूम येतात आणि धावायची इच्छा शाबूत असते. चांगली केनेल अशा कुत्र्यांना घर शोधतच असतात. तो तुम्हाला शिकवील, आणि पुढे आलेल्या तरुण कुत्र्यालाही शिकवील.

पिल्लू घेतलंच तर घाई नको. सहा-आठ महिन्यांचं झाल्यावर हार्नेसची सवय, मागे एखादी हलकी फळी, पाच-दहा मिनिटं, तेही खेळ म्हणून. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे निदान वर्ष-सव्वा वर्ष, जड ओढकाम किंवा लांब पल्ला नाही. घरातल्यांनाही आधीच सांगून ठेवा: ही कुत्री कुंपणाखालून भुयार खणतात, कोंबड्या-मांजरं दिसली की सुटतात आणि पहाटे सामूहिक गळा काढतात.

एक कुत्रा, एक दोरी

हुकूम थोडेच आहेत. हाइक म्हणजे निघा. जी म्हणजे उजवीकडे, हॉ म्हणजे डावीकडे. ईझी म्हणजे हळू, वो म्हणजे थांबा. ऑन बाय म्हणजे समोर ससा असो, दुसरा कुत्रा असो, न बघता पुढे चला. आणि लाइन आउट म्हणजे दोरी ताणून सरळ उभे राहा. शेवटचे दोन नवखे लोक शिकवायचं टाळतात, आणि पुढे त्याच दोघांसाठी रडतात. हुकूम वळणाच्या थोडं आधी, एकदाच, सपाट आवाजात द्या. वळला की लगेच शाबासकी. ओरडण्याने कुत्रा वळत नाही, गोंधळतो.

सुरुवातीच्या धावा मुद्दाम लहान ठेवा आणि कुत्रा आणखी पळायला उत्सुक असतानाच थांबवा. थकून, कंटाळून थांबलेल्या कुत्र्याला थांबणं हाही एक पर्याय असतो असं कळतं. ते एकदा कळलं की विसरवणं कठीण.

साहित्य: कुठे पैसा घालायचा, कुठे नाही

हार्नेसमध्ये काटकसर करू नका. ओढ श्वासनलिकेवर नाही, छातीच्या हाडावर आली पाहिजे. मानेचा भाग घट्टसर, पण गळ्यावर न चढणारा. मागचं टोक शेपटीच्या मुळाशी. बसवल्यावर दोरी मागे ओढून पाहा. हार्नेस गळ्याकडे सरकत असेल तर माप चुकलंय.

स्लेजला जोडलेली मधली मुख्य दोरी आणि तिच्या फांद्या मिळून गँगलाइन होते. प्रत्येक कुत्र्याच्या हार्नेसला मागून टगलाइन, कॉलरला नेकलाइन. सगळ्यात पुढे लीड, त्यामागे स्विंग, मध्ये टीम आणि स्लेजलगत व्हील. वळणावर सर्वांत जास्त झटके व्हीलच्या कुत्र्यांना बसतात, म्हणून तिथे दणकट आणि शांत जनावर लागतं. जुंपताना लीड आधी, म्हणजे दोरी ताठ राहते. सोडताना सगळ्यांच्या टगलाइन आधी काढा, म्हणजे ताकद कमी होते.

स्लेज जुनी चालेल. ब्रेक, त्यामागची खरडणारी रबरी चटई, स्नो हुक आणि झाडाला बांधायची झटक्यात सुटणारी दोरी मात्र शंभर टक्के हवी. स्नो हुक टाचेने बर्फात रोवायचा, नुसता टाकायचा नाही. शिवाय धारदार सुरी जवळ असू द्या. दोरीत पाय किंवा मान अडकली तर गाठी सोडवत बसायला वेळ नसतो.

सराव थर्मामीटर बघून

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून. म्हणून या खेळात थंडीपेक्षा ऊब घातक. उन्हाळ्यात ओढकाम बंद. ऑगस्ट-सप्टेंबरात पारा उतरू लागला की पहाटे किंवा रात्री सराव सुरू. हवा दमट असेल तर दहा अंशांनाही काही कुत्री तापतात. पंधराच्या वर तर जुंपूच नका. जीभ रुंद होऊन लोंबू लागली, हिरड्या विटकरी झाल्या, पाय अडखळू लागले की तिथेच थांबा, कुत्र्याला सावलीत घ्या, पोट-जांघा-पंजे पाण्याने भिजवा, थोडं थोडं पाणी पाजा आणि पशुवैद्याला गाठा.

बर्फ पडेपर्यंत छोटी चारचाकी (एटीव्ही) किंवा चाकांचा रिग, म्हणजे गाडा, ओढवतात. पहिल्या धावा तीन-चार किलोमीटरच्या. अंतर वाढवायचं तर वेग धरून ठेवायचा. दोन्ही एकदम वाढवले की खांदे आणि मनगटं जातात. दोन-तीन दिवस धाव, एक दिवस पूर्ण सुट्टी. लांब पल्ल्याचे संघ मोठ्या शर्यतीआधी दोन-तीन हजार किलोमीटर पळलेले असतात, आणि ते अंतर अनेक महिन्यांत पसरलेलं असतं.

खाणं आणि त्याहून आधी पाणी

थंडीत कुत्री साधं पाणी पीत नाहीत. बादलीत गोठतंही पटकन. उपाय जुना आहे: कोमट पाण्यात थोडं मांस, मासा किंवा रक्त कालवायचं. वास आला की बादली चाटून पुसून साफ. पंचवीस किलोच्या कुत्र्याला रोज दीड-दोन लिटर, पळण्याच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. धावण्याच्या दोनेक तास आधी असं पातळ काहीतरी द्या, भरपेट जेवण मात्र नाही. भरल्या पोटी जोरात पळवल्यास उलटी, जुलाब होतात, आणि जठराला पीळ पडला तर काही तासांत जीव जातो.

इंधन म्हणजे चरबी. माणूस लांब पळताना पिष्टमय पदार्थांवर भर देतो. ही कुत्री मुख्यतः चरबी जाळून दिवसचे दिवस पळतात. हजार मैलांच्या शर्यतीत कडाक्याच्या थंडीत एक कुत्रा दिवसाला दहा हजार किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त जाळतो. घरातल्या त्याच वजनाच्या कुत्र्याच्या कितीतरी पट. म्हणून चांगल्या प्रतीचं कोरडं खाद्य, मांस, मासे आणि वरून चरबी. हा आकडा वाचून आपल्या दोन कुत्र्यांना चरबीचे गोळे चारू नका. आठवड्यातून तीनदा दहा किलोमीटर पळणाऱ्या कुत्र्याला चांगलं कोरडं खाद्य आणि थोडं मांस पुष्कळ झालं. बदलही हळूहळू, आठ-दहा दिवसांत. शर्यतीच्या आठवड्यात नवीन काही नाही.

फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, पण पाठीचा कणा आणि कमरेच्या हाडांची टोकं वर येता कामा नयेत. दाट केसांत वजन घटलेलं नजरेला दिसत नाही, म्हणून रोज हात फिरवा.

पंजे

अनुभवी मशर मुक्कामाला पोचल्यावर गुडघ्यांवर असतो. कुत्र्यामागून कुत्रा, पंज्यामागून पंजा. बोटांमधल्या पातळ पडद्याला चीर, नखाच्या मुळाशी सूज, गादीवर खरचटलेलं, केसांत अडकलेले बर्फाचे गोळे. चीर पहिल्या दिवशी सापडली तर मलम आणि बूट यांनी भागतं. तिसऱ्या दिवशी सापडली तर कुत्रा घरी.

बोटांमधले वाढलेले केस कापा, नखं आखूड ठेवा. कापडी बूट घालायचे ते बर्फ खरखरीत किंवा कडक असेल तेव्हा, गोळे धरणारा बर्फ असेल तेव्हा, आणि एखादा पंजा आधीच हुळहुळा असेल तेव्हा. पट्टी बूट निसटणार नाही इतकीच आवळा; जास्त आवळली तर रक्त अडतं आणि पंजा सुजतो. थांबल्याबरोबर बूट काढा. ओले झालेले बूट परत घालू नका. बोटं गारठतात आणि कातडी सोलते. लांब शर्यतीत एका संघाला हजाराच्या वर बूट लागतात. इडिटारॉडच्या नियमांत तर प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट जवळ असणं सक्तीचं आहे.

पंज्यांनंतर मनगट आणि खांदा. सांधा हळूच पूर्ण दुमडून, मग ताणून बघा. कुत्रा अंग चोरतो का, चाटतो का, तुमच्याकडे मान वळवतो का? तोच कुत्र्याचा शब्द. चोळायचं तेल आणि मनगटाला उबदार पट्टी यांनी साधी सूज उतरते. लंगडणाऱ्याला मात्र जुंपायचं नाही, आणि दुखणं दाबणारी गोळी देऊन तर मुळीच नाही. शर्यतीत अशा औषधांना बंदी असते.

रोजची नजर

इडिटारॉडच्या पशुवैद्यांचा तपासणीचा क्रम घरीही लागू पडतो: हृदयाचे ठोके आणि अंगातलं पाणी, मग भूक आणि वृत्ती, मग वजन, मग फुप्फुसं. पाणी बघायला खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसायला हवी. हिरडी ओलसर आणि गुलाबी हवी. बोटाने दाबलेली जागा पांढरी होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. खाणं टाकलेला कुत्रा आजारी आहे असं धरून चाला. कॉफीच्या रंगाची लघवी दिसली तर स्नायू तुटताहेत. धाव तिथेच बंद आणि ताबडतोब पशुवैद्य.

पिसाळ रोग, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी आणि जंतांचं औषध वेळच्या वेळी. बाहेरून आलेला कुत्रा काही दिवस वेगळा ठेवा. घर वाऱ्याला पाठ करून, जमिनीपासून उचललेलं, आत भरपूर कोरडा पेंढा. माजावर आलेली कुत्री वेगळी बांधा, नाहीतर संघाचं लक्ष कुठे असेल ते सांगायला नको. आणि नसबंदीचा निर्णय आधीच घ्या. नकळत झालेल्या पिलांनी कित्येक लहान केनेलचा हिशेब कोलमडवलाय.

वाटेवर

पहिला नियम: स्लेज सोडायची नाही. पडलात तरी मूठ घट्ट, ओढले जा, पण सोडू नका. माणसाशिवाय सुटलेला संघ रस्त्यावर जातो, दोऱ्यांत गुरफटतो, मारामारी करतो. कमी कुत्री जोडणं हाच यावरचा खरा उपाय. सुरुवातीला तीन-चारच्या पुढे जाऊ नका, आणि कुठे जाताय, कधी परतणार ते कुणाला तरी सांगून निघा. गोठलेल्या नदी-तळ्यावर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका.

अलास्कात आणखी एक पाहुणा भेटतो, मूस नावाचं अवाढव्य हरीण. खोल बर्फात त्यालाही तुडवलेली वाट सोडायची नसते. १९८५ च्या इडिटारॉडमध्ये मूसने सुझन बुचरच्या संघातली दोन कुत्री मारली आणि तिला माघार घ्यावी लागली. त्या वर्षी लिबी रिडल्स ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली. स्वसंरक्षणासाठी मूस मारावा लागला तर त्याचं पोट चिरून आतडी काढून मगच पुढे जायचं असा नियम आहे. २०२४ मध्ये डॅलस सीव्हीला हे काम नीट न केल्याबद्दल दोन तासांचा दंड बसला. तरीही सहाव्यांदा तोच जिंकला, हा भाग वेगळा.

पहिली शर्यत

लहान, घराजवळची, दोन किंवा चार कुत्र्यांच्या गटातली निवडा. नियमपुस्तिका आधी वाचा. लसीचे कागद आणि मायक्रोचिपचा क्रमांक एका फाइलमध्ये ठेवा. शर्यतीआधीच्या मशरांच्या बैठकीला हजर राहा. वाट बदलली असेल तर तिथेच कळतं. दोन तास आधी पोचा, कुत्री दावणीला बांधा, पाणी द्या, शी-लघवी होऊ द्या. सुटण्याच्या रेषेवर मदतनीस मागायला लाजू नका. मागून ‘ट्रेल’ असा पुकारा आला की वेग कमी करून वाट द्या. शेवटच्या ठरावीक टप्प्यात मात्र वाट देण्याचं बंधन नसतं, त्याला नो मॅन्स लँड म्हणतात. तो कुठे सुरू होतो ते बैठकीत विचारून घ्या.

ध्येय एकच ठेवा: निघाली तितकी कुत्री शेपटी हलवत परत यावीत. वेळ कितीही लागू दे. इडिटारॉडमध्ये सर्वांत शेवटी पोचणाऱ्याला लाल कंदील देतात, आणि तो घेणाऱ्याला तिथे कुणी हसत नाही.

पोचल्यावर आधी पाणी, मग बूट काढणं, मग पंजे-मनगटं-खांदे, मग थोडा वेळ जाऊन खाणं. तुमचा चहा त्यानंतर. रात्री वहीत लिहा: कोण ओढत होतं, कुणाची टगलाइन सैल होती, कुणी खाणं सोडलं, तापमान काय होतं. पुढचे दोन-तीन दिवस फक्त मोकळं हिंडणं, आणि रोज सकाळी पुन्हा तेच सांधे. तिसऱ्या दिवशीही एखादा ताठरलेला उठत असेल तर पुढच्या शर्यतीच्या अर्जात त्याचं नाव घालू नका.